कौतुकाच्या भरवशावर परदेशी

२००४ नंतरची दोन-तीन वर्षे लंडनमधल्या मध्यमवर्गीय घरांत पोलिश प्लंबर, सुतार, रंगारी यांचे तोंडभरून कौतुक चालले होते. वेळेवर येतात, काम नेटके करतात, पैसे कमी घेतात, उलट बोलत नाहीत. मालक खूश होते, वर्तमानपत्रे खूश होती, अर्थमंत्रालयही खूश होते. मग २३ जून २०१६ ला ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. दुसऱ्या दिवशी केंब्रिजशायरमधल्या हंटिंग्डन गावात एका शाळेबाहेर आणि काही पोलिश कुटुंबांच्या दारात कार्डे सापडली. इंग्रजी आणि पोलिश अशा दोन्ही भाषांत त्यांवर लिहिले होते की संघ सोडा, आता ही पोलिश कीड नको. कार्डे लॅमिनेट केलेली होती. म्हणजे कोणीतरी बसून मजकूर ठरवला, पोलिश वाक्य जुळवले, छापून घेतले, वर प्लास्टिक चढवले आणि शाळकरी मुलांच्या वाटेवर ती आणून टाकली. त्या जुलैत इंग्लंड आणि वेल्समध्ये वंश किंवा धर्माच्या द्वेषातून घडलेल्या गुन्ह्यांची नोंद आदल्या वर्षीच्या जुलैपेक्षा ४१ टक्क्यांनी वाढली.

या बारा वर्षांत पोलिश कामगार बदलला नव्हता. तो पूर्वीसारखाच पहाटे उठून कामावर जात होता, पूर्वीइतकाच राबत होता. बदलली होती ती त्याच्याकडे पाहणारी नजर. ती का बदलली, याचे उत्तर कामगाराच्या स्वभावात शोधणे ही पहिली चूक आणि यजमान समाजाच्या स्वभावात शोधणे ही दुसरी. मला ते व्यवस्थेत दिसते. माणसांना कामासाठी बोलवायचे, पण त्यांच्या राहण्याची, पगाराच्या हिशेबाची, मुलांच्या शाळेची आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या अडचणींची जबाबदारी कोणीच घ्यायची नाही, ही ती व्यवस्था. तिचे चटके बसू लागले की कालचे कौतुक कामगाराच्या बाजूने उभे राहत नाही. पुष्कळदा तर त्याच कौतुकातून आरोप तयार होतो. महाराष्ट्रातून परदेशी निघालेल्या तरुणांनी, आणि त्यांना पाठवणाऱ्या सरकारने, पोलंडचा हा अनुभव नीट पाहून घ्यावा असे मला कळकळीने वाटते.

१ मे २००४ ला पोलंडसह दहा देश युरोपीय संघात आले. त्या वेळी पोलंडमध्ये बेकारी १९-२० टक्क्यांच्या घरात होती, तरुणांमध्ये तर याच्या दुप्पट. जुन्या सदस्य देशांना आपला श्रमबाजार सात वर्षांपर्यंत बंद ठेवण्याची मुभा होती आणि जर्मनी व ऑस्ट्रियाने ती पुरेपूर वापरली. त्यांची दारे १ मे २०११ ला उघडली. पहिल्या दिवसापासून दार उघडणारे देश तीनच होते, ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन. ब्रिटिश गृहखात्याने त्याआधी एक अभ्यास करून घेतला होता. नव्या देशांतून वर्षाला निव्वळ पाच ते तेरा हजार माणसे येतील, असा त्याचा अंदाज होता. बाकीचे मोठे देशही दारे उघडतील हे त्यात गृहीत धरले होते. ती उघडली नाहीत. २००६ च्या उन्हाळ्यापर्यंत सरकारकडे चार लाखांवर कामगारांची नोंद झाली. २००१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये पोलंडमध्ये जन्मलेले लोक सुमारे ५८ हजार होते. २०११ मध्ये ते ५ लाख ७९ हजार झाले आणि पोलिश ही इंग्रजी-वेल्श खालोखाल सर्वाधिक बोलली जाणारी भाषा ठरली.

अंदाज चुकतात, त्याबद्दल संशोधकांना फार दोष देता येत नाही. पण अंदाज चुकल्याचे दोन वर्षांत उघड झाल्यावर सरकारने काय केले, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर लिंकनशायरमधल्या बॉस्टन गावात मिळते.

बॉस्टन हे सपाट, काळ्याभोर जमिनीचे बाजारगाव. आजूबाजूला कोबी, फ्लॉवर, बटाटा, फुलझाडे. भाजी काढायची, धुवायची, निवडायची, पाकिटात भरून लेबल लावायचे आणि त्याच रात्री सुपरमार्केटच्या ट्रकमध्ये चढवायची, हा तिथला मुख्य उद्योग. सुपरमार्केटची मागणी दुपारी बदलते, मग पॅकहाउसला संध्याकाळी चाळीस माणसे जास्त लागतात किंवा चाळीस कमी. ही चाळीस माणसे पुरवणारा जो असतो तो आपल्या ओळखीचा आहे. ऊसतोडीच्या टोळ्यांना जसा मुकादम, तसाच हा. माणसे गोळा करतो, व्हॅनमधून नेतो, राहायला खोली देतो आणि खोलीचे भाडे व व्हॅनचे पैसे मजुरीतून कापून घेतो. दोन बेडरूमच्या जुन्या विटांच्या घरात आठ-दहा जण राहतात. एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच गाद्यांवर येऊन झोपते. शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या जोडप्याला काय दिसते? पहाटे चार वाजता व्हॅनचा हॉर्न, फुटपाथवर कचऱ्याच्या पिशव्या, गल्लीत न कळणारी भाषा, आणि डॉक्टरची वेळ मिळायला लागणारा उशीर. त्या घराचा मालक दुसऱ्या गावात राहतो. सुपरमार्केटचा खरेदी अधिकारी तर त्या गल्लीत कधी आलेलाही नसतो. समोर दिसतो तो फक्त पोलिश मुलगा.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत बॉस्टनची लोकसंख्या सुमारे सोळा टक्क्यांनी वाढली. जनगणना दहा वर्षांनी होते, आणि दवाखाने, शाळा, नगरपालिका यांना मिळणारा निधी लोकसंख्येच्या जुन्या अंदाजांवर ठरतो. म्हणजे माणसे आजची आणि पैसा कालचा. यावर उपाय म्हणून ब्रिटिश सरकारने २००९ मध्ये स्थलांतराचा ताण पडलेल्या गावांसाठी एक निधी उभा केला, वर्षाला जेमतेम साडेतीन कोटी पौंडांचा. २०१० मध्ये सरकार बदलले आणि काही महिन्यांत तो निधी रद्द झाला. इतकी साधी, इतकी स्वस्त गोष्ट होती ती. २०१६ च्या सार्वमतात संघ सोडण्याच्या बाजूने सर्वाधिक मतदान याच बॉस्टनमध्ये झाले, ७५.६ टक्के.

पण बॉस्टनच्या लोकांना सरसकट वंशद्वेष्टे ठरवणाऱ्यांशी माझे जमत नाही. २०१० च्या निवडणुकीत रॉचडेलमध्ये एका निवृत्त बाईने पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांना रस्त्यात गाठून पूर्व युरोपातून येणाऱ्या लोकांबद्दल विचारले. ब्राऊन तिच्याशी गोड बोलले आणि गाडीत बसल्यावर तिला कोत्या मनाची म्हणाले. कॉलरला लावलेला मायक्रोफोन चालूच होता. तीन वर्षांपूर्वी याच ब्राऊन यांनी ब्रिटिश नोकऱ्या ब्रिटिश कामगारांना, अशी घोषणा दिली होती. व्यासपीठावर परक्यांविरुद्धच्या भावनेला हात घालायचा आणि एखाद्या सामान्य बाईने तीच भावना अडखळत बोलून दाखवली की तिला हिणवायचे, हे दोन्ही एकाच माणसाने केले. गाऱ्हाणे ऐकून त्यातला खरा भाग, म्हणजे घरभाडे, दवाखाना, मजुरी, वेगळा काढणे हे राजकारण्याचे काम होते. ते केले नाही की गाऱ्हाणे तसेच पडून राहते आणि ते उचलणारा दुसरा कोणीतरी भेटतोच.

आकड्यांनी हा प्रश्न सुटेल, असे अनेक अर्थतज्ज्ञांना वाटत होते. ब्रिटिश सरकारच्याच स्थलांतर सल्लागार समितीने सप्टेंबर २०१८ मध्ये सविस्तर अहवाल दिला. युरोपातून आलेले कामगार सरकारी तिजोरीतून घेतात त्यापेक्षा जास्त तिच्यात भरतात. स्थानिकांच्या रोजगारावर त्यांचा परिणाम एकंदरीत नगण्य आहे. ही माहिती खरी आहे, आणि ती आली तेव्हा सार्वमत होऊन दोन वर्षे उलटली होती. पण ती वेळेवर आली असती तरी फार काही साधले असते असे नाही. देशाच्या तिजोरीत भर पडली म्हणून बॉस्टनच्या दवाखान्यातली रांग लहान होत नाही. याच समितीने २०१४ मध्ये आणखी एक हिशेब मांडला होता आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. किमान वेतन मिळते की नाही हे पाहणाऱ्या सरकारी तपासनिसांची संख्या इतकी तोकडी होती की सरासरी मालकाकडे तपासणी अडीचशे वर्षांतून एकदा होईल आणि खटला दहा लाख वर्षांतून एकदा. दार सताड उघडे आणि पहारेकरी नाहीच, अशी ती स्थिती होती. शेती आणि अन्नप्रक्रियेतल्या मुकादमांना परवाना सक्तीचा करणारा कायदा २००४ मध्ये झाला खरा, पण बांधकाम, हॉटेले, वृद्धसेवा ही क्षेत्रे त्याच्या कक्षेबाहेर राहिली.

आता कौतुकाकडे येतो. पोलिश कामगार कष्टाळू आहेत, हे वाक्य ब्रिटनमध्ये मालक बोलत तेव्हा त्याला एक जोडवाक्य असे, कधी उघड, कधी अध्याहृत: आमची इथली पोरे आळशी आहेत. ज्याच्या पोराला आळशी म्हटले गेले, त्या बापाला पोलिश मुलाविषयी ममत्व कसे वाटेल? शिवाय तो कष्टाळूपणा कशाचा होता हेही पाहायला हवे. बायकापोरे गावी, खोलीवर आठ जण, भाषा येत नाही, संघटना नाही, काम गेले तर खोलीही जाणार. अशा अवस्थेत बारा तासांच्या पाळीला नाही म्हणता येत नाही. त्या अगतिकतेला मालकाने गुण म्हटले आणि दुर्दैवाने अनेक कामगारांनीही तो आपला गुण म्हणून छातीवर मिरवला. पुढे ज्या कारणासाठी कौतुक झाले त्याच कारणासाठी शिवी मिळाली. कमी पैशात जास्त राबतो, म्हणजे आमचा भाव पाडतो.

जर्मनीत हे घरोघरी दिसते. म्हातारा बाप किंवा आई अंथरुणाला खिळली की पोलंडमधून एक बाई येते. रविवारी मिनीबस तिला दारात सोडते, दोन-तीन महिने ती त्याच घरात राहते आणि तीच बस दुसरी बाई आणून तिला परत घेऊन जाते. दिवसा स्वयंपाक, अंघोळ, औषधे. रात्री हाक आली की उठायचे. घरचे लोक तिच्याविषयी प्रेमाने बोलतात, आणि ते प्रेम खोटे नसते. पण करारावर कामाचे तास आठवड्याला तीस किंवा चाळीस लिहिलेले असतात. अशाच एका बल्गेरियन बाईच्या खटल्यात जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने जून २०२१ मध्ये सांगितले की हाकेसाठी तयार राहण्याच्या तासांनाही किमान वेतन द्यावे लागेल. निकालानंतर पहिली चर्चा झाली ती आता ही सेवा कुटुंबांना परवडणार कशी याची. तिला आजवर काय परवडत आले, हा प्रश्न मागे पडला.

फ्रान्समध्ये तर माणसे येण्याआधीच भीती आली. २००५ च्या वसंतात युरोपीय राज्यघटनेवर सार्वमत होते. सेवा क्षेत्राविषयीचा एक प्रस्ताव डच आयुक्त फ्रिट्स बोल्केस्टाइन यांच्या नावाने ओळखला जात होता आणि त्यानुसार दुसऱ्या देशातला कारागीर आपल्या देशाच्या नियमांनी फ्रान्समध्ये काम करू शकेल, अशी धास्ती होती. त्या धास्तीला चेहरा मिळाला तो पोलिश प्लंबरचा. वास्तविक तेव्हा फ्रान्समध्ये पोलिश प्लंबर अगदी मोजके होते आणि त्या कारागिरांचा तुटवडा होता. तरीही २९ मे ला सुमारे ५५ टक्के मतदारांनी राज्यघटना नाकारली, आणि त्या प्रचारात हा प्लंबर गाजत राहिला. पोलंडच्या पर्यटन खात्याने एका देखण्या मॉडेलला प्लंबरच्या वेषात उभे करून फ्रेंचांना उलट पोलंडला येण्याचे आमंत्रण दिले. उत्तर चतुर होते, लोकांना आवडलेही. पण आपल्या नियमांचे संरक्षण सुटेल ही फ्रेंच कामगाराची भीती पोस्टरने जाणार नव्हती.

हे सारे युरोपीय संघाचे अपत्य आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्याने शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या रूर खोऱ्यातल्या कोळसा खाणींत लाखो पोलिश कामगार आले. त्यातले बहुसंख्य कायद्याने प्रशियाचे नागरिक होते, कारण पोलंडचे तुकडे करून तीन साम्राज्यांनी ते वाटून घेतले होते. नागरिक असूनही ते परकेच राहिले. १८९९ मध्ये हेर्ने इथे तरुण पोलिश खाणकामगारांनी संप केला तेव्हा सैन्य आले. १९०८ च्या कायद्याने बहुतेक ठिकाणी जाहीर सभा जर्मनमध्येच घेण्याची सक्ती झाली. पूर्वेकडच्या जमीनदारांना हंगामापुरते रशियन पोलंडमधले मजूर हवे असत आणि हिवाळा आला की त्यांना सीमेपलीकडे परत जावे लागे. हात हंगामाला यावेत आणि कुटुंब कधीच येऊ नये, अशीच ती रचना होती. आणि या वादात पोलिश मजुरांविरुद्ध बोलणारा एक आवाज कोणाचा होता? मॅक्स वेबरचा. आधुनिक समाजशास्त्राच्या या जनकाने १८९२ मध्ये एल्बच्या पूर्वेकडच्या शेतमजुरांची पाहणी केली आणि १८९५ च्या फ्रायबुर्गच्या व्याख्यानात मांडले की कमी राहणीमानावर भागवणारा पोलिश मजूर जर्मन मजुराला हुसकावतो आहे, सबब सीमा बंद करावी. जमीनदारांच्या स्वार्थावर त्याने बोट ठेवले होते, आणि ते अचूक होते. पण उपाय सुचवताना त्याने मजुरी वाढवायला सांगितले नाही. मजूर अडवायला सांगितले. इतक्या कुशाग्र बुद्धीच्या माणसाचेही बोट शेवटी मजुराकडेच वळले, याचे मला आजही वाईट वाटते.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सने एक पिढी गमावली. १९१९ मध्ये पोलंडशी करार करून त्याने खाणी आणि शेतांसाठी माणसे मागवली. १९३१ पर्यंत फ्रान्समध्ये पाच लाखांवर पोलिश लोक झाले. मग मंदी आली. १९३२ मध्ये परदेशी कामगारांवर मर्यादा घालणारा कायदा झाला आणि १९३४-३५ मध्ये उत्तरेकडच्या खाणींमधून हजारो कुटुंबांना गाड्यांत बसवून परत पाठवले गेले. फ्रेंच शाळेत शिकणारी त्यांची मुलेही त्याच गाड्यांत होती. 'द लिटल प्रिन्स'चा लेखक सेंतेक्झ्युपेरी १९३५ मध्ये मॉस्कोला जाताना ज्या रेल्वेत होता, तिच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत असेच काढून टाकलेले पोलिश कामगार होते आणि त्याने त्यांच्याविषयी लिहून ठेवले आहे. जी कुटुंबे कशीबशी टिकली, त्यातल्याच एका घरात वाढलेला, स्वतः कोवळ्या वयात खाणीत उतरलेला रेमाँ कोपा १९५८ मध्ये युरोपातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला आणि अर्थातच फ्रेंच म्हणून गौरवला गेला.

ब्रिटनमध्येही २००४ ही पहिली वेळ नव्हती, आणि इथे या कहाणीचा धागा कोल्हापूरला येऊन मिळतो. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक स्त्रिया आणि मुले. रशियातल्या सक्तीच्या हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेली. त्यांचे पुरुष दोस्त राष्ट्रांच्या बाजूने लढत होते. युद्ध संपले, पोलंड सोव्हिएत वर्चस्वाखाली गेला आणि वळिवड्यातल्या अनेकांनी ब्रिटनची वाट धरली. १९४७ मध्ये पार्लमेंटने पोलिश पुनर्वसन कायदा केला. निवास, शिक्षण, भत्ता, रोजगार या सगळ्यांची तरतूद त्यात होती. तरीही सुरुवातीचे स्वागत थंड होते. खाणकामगार संघटनेच्या अनेक स्थानिक शाखांनी पोलिश माणसांना खाणीत घ्यायला नकार दिला. लंडनवरच्या हवाई हल्ल्यांत पोलिश वैमानिक इंग्रजांच्या खांद्याला खांदा लावून लढले होते, त्याला सहा-सात वर्षेच झाली होती. पण काही वर्षांत तो विरोध ओसरला. मनुष्यबळाची गरज होती हे खरे, पण त्याचबरोबर कायदा होता, खर्चाला पैसा होता, आणि पोलिश कामगाराला संघटनेचा सभासद करून इंग्रजांइतकीच मजुरी द्यायची अट होती. १९४७ च्या कफल्लक ब्रिटनला जे जमले ते २००४ च्या संपन्न ब्रिटनला का जमू नये? मला याचे उत्तर एकच दिसते: २००४ मध्ये हे आपले काम आहे असे सरकारला वाटलेच नाही. बाजार बघून घेईल, असे ते मानत होते.

बाजाराने काय बघितले ते नेदरलँड्समध्ये दिसते. तिथे पोलिश कामगार बहुतांशी मनुष्यबळ एजन्सीमार्फत येतो. टोमॅटोच्या काचघरात किंवा गोदामात काम, आणि राहायला एजन्सीनेच घेतलेल्या सुट्टीच्या बंगल्यातली किंवा कंटेनरमधली खाट. त्याची पगारचिठ्ठी बघावी. वर तास आणि दर, खाली खाटेचे भाडे, आरोग्यविमा, व्हॅन. किमान वेतनाच्या पाव हिश्श्यापर्यंत रक्कम निवासापोटी कापायची मुभा कायद्यानेच दिलेली होती. ग्राहक कंपनीने आज माणूस नको म्हटले की सुरुवातीच्या काळातला करार तिथेच संपे आणि खाटही सुटे. आजारी पडला तरी तेच होई. त्यामुळे शहरांच्या स्थानकांजवळ झोपणारे पोलिश पुरुष दिसू लागले, आणि लोकांना ते दारुडे, निरुद्योगी दिसले. फेब्रुवारी २०१२ मध्ये खेर्त विल्डर्स या उजव्या नेत्याच्या पक्षाने तर मध्य आणि पूर्व युरोपीयांविरुद्ध तक्रारी गोळा करणारे संकेतस्थळच उघडले. दहा देशांच्या राजदूतांनी खुले पत्र लिहून निषेध केला, युरोपीय संसदेने ठराव केला, पण विल्डर्स यांच्या पाठिंब्यावर तगलेल्या पंतप्रधान रुटे यांनी त्याचा स्पष्ट निषेध करायचे टाळले. ऑक्टोबर २०२० मध्ये एमिल रूमर यांच्या समितीने सरकारला सांगितले की नोकरीचा करार आणि घराचा करार वेगळे करा. पोलंड संघात आल्यावर सोळा वर्षांनी!

पिळणारा नेहमी परकाच असतो असेही नाही. २००६ मध्ये इटलीच्या पुलिया प्रांतात टोमॅटोच्या शेतांवर डांबून ठेवलेल्या शंभरावर पोलिश मजुरांची पोलिसांनी सुटका केली. इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्समध्ये चारशेवर पोलिश माणसांना गुलामासारखे वापरणारी टोळी २०१९ मध्ये दोषी ठरली. ती टोळी पोलिशच होती. बेघर, तुरुंगातून सुटलेली, व्यसनी माणसे हेरून नोकरीच्या आमिषाने आणायची, बँकेची खाती आपल्या हातात ठेवायची. आपला माणूस भेटला म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनी हे विसरू नये.

आणि पोलंडमध्ये काय घडले? निघून गेलेल्यांविषयी तिथेही मन दुभंगलेले होते. बेल्जियमच्या घरांत साफसफाई करणाऱ्या बायकांच्या पैशावर सेम्यातिचे गावात नवी घरे उठली, ब्रुसेल्सच्या बसगाड्या गावातून सुटू लागल्या. त्याच वेळी लंडनमध्ये भांडी घासायला गेले म्हणून पदवीधरांना नावे ठेवली गेली आणि मागे राहिलेल्या मुलांवरून आयांना बोल लावले गेले. बापांना कमीच. आपल्याच लेकरांना परदेशी हिणवलेले पाहिलेला हा देश इतरांशी उदारपणे वागेल, अशी आशा होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, विरोधी पक्षाचे नेते यारोस्लाव्ह काचिन्स्की यांनी निर्वासित रोगजंतू आणि परोपजीवी आणतील अशी भीती घातली, आणि त्यांचा पक्ष सत्तेवर आला. हंटिंग्डनच्या कार्डांवरची भाषा याहून फार वेगळी नव्हती. २०२२ मध्ये युक्रेनच्या निर्वासितांसाठी पोलिश लोकांनी आपली घरे उघडली, त्याला तोड नाही आणि त्याचे मोल कमी लेखू नये. युक्रेनियन बाया लगोलग कामाला लागल्या, कष्टाळू म्हणून वाखाणल्या गेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष कारोल नाव्रोत्स्की यांनी त्यांच्या सवलती वाढवणारे विधेयक अडवले. मुलांसाठीचे महिन्याचे आठशे झ्लॉटी काम करणाऱ्या युक्रेनियनांनाच मिळावेत, ही त्यांची मागणी होती.

दरम्यान ब्रिटनने दार लावून घेतले. २०२१ च्या शरद ऋतूत ट्रकचालक मिळेनात, खाटीकखान्यांत माणसे नसल्यामुळे हजारो डुकरे शेतावरच मारून टाकावी लागली. सरकारने चालकांसाठी पाच हजार तात्पुरते परवाने काढले, त्यांना प्रतिसाद जेमतेम मिळाला. आज ब्रिटनमधली फळे काढायला किर्गिझस्तान, ताजिकिस्तान अशा देशांतून माणसे सहा महिन्यांच्या हंगामी व्हिसावर येतात. त्यांना कुटुंब आणता येत नाही, मालक बदलणे अवघड असते, आणि अनेकांच्या डोक्यावर येण्याआधीच कर्ज असते. पोलिश कामगाराला निदान कागदावर बरोबरीचे हक्क होते. त्याच्या जागी आलेल्याला तेवढेही नाहीत.

यात आपण येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला; दहा हजार तरुणांचा आकडा जाहीर झाला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक, आणि हो, प्लंबरही. वॉर्सा आणि क्राकोच्या रस्त्यांवर जेवणाचे डबे पोचवणारी भारतीय मुले आत्ताच दिसतात. आपली मुले हुशार आहेत, मेहनती आहेत, कोणाच्या अध्यातमध्यात नसतात, त्यामुळे त्यांना कोणी त्रास देणार नाही, असे पालक मेळाव्यांतून ऐकू येते. पोलिश मुले हुशार होती, मेहनती होती, शिवाय गोरी होती, ख्रिस्ती होती, युरोपीय नागरिक होती. परकेपणाची जी खूण आपल्या मुलांच्या कातडीवरच आहे, ती पोलिश मुलांवर नव्हती.

आपल्याला हा विषय दुसऱ्या बाजूनेही ठाऊक आहे. साठच्या दशकात मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध आणि २००८ मध्ये उत्तर भारतीयांविरुद्ध जे झाले, त्यात रोष टॅक्सीवाल्यावर आणि रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या पोरावर निघाला. नोकरभरतीची पद्धत, बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनी, स्वस्त घरांचा दुष्काळ यांना धक्का लागला नाही. म्हणून बॉस्टनच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या जोडप्याला समजून घेणे आपल्याला जड जाऊ नये.

म्हणूनच जाणाऱ्या तरुणाच्या हाती काय कागद पडतो, हे मला जर्मन भाषेच्या वर्गाइतकेच महत्त्वाचे वाटते. करारावर मालक म्हणून कारखान्याचे किंवा रुग्णालयाचे नाव आहे की मधल्या एजन्सीचे? पगारातून काय-काय कापले जाणार, हे मराठीत लिहून मिळते का? प्रशिक्षणाचा खर्च अंगावर टाकून त्याला बांधून ठेवले जाणार आहे का? नोकरी गेली तर किती दिवस त्याच छपराखाली राहता येईल? तिथल्या कामगार संघटनेचे सभासदत्व पहिल्या महिन्यापासून मिळेल याची तजवीज कोणी करणार आहे का? आणि ज्या गावात दोनशे मराठी मुले जाऊन राहणार, त्या गावाच्या नगरपालिकेला कोणी आधी कळवले आहे का, तिला त्यासाठी काही पैसा मिळणार आहे का? यातला शेवटचा प्रश्न आपल्या सरकारला आपला वाटणार नाही. बॉस्टनच्या बाबतीत तो पोलंडलाही आपला वाटला नव्हता. करार दोन राज्यांमधला आहे, तेव्हा तो विचारण्याचा अधिकार मुंबईला आहे, आणि पहिली तुकडी निघण्याआधीच तो विचारायला हवा.